डब्यातला आवाज आणि मिरजेची जवारी

गिटार वाजवणारी दोन माणसं एकत्र आली की पाच मिनिटांत गाणं बाजूला राहतं आणि "तू कुठलं मशीन वापरतोस?" हा विषय सुरू होतो. कुणाकडे साधा डबा असतो, कुणी हप्त्यावर दीड लाखाचा घेतलेला असतो, कुणी लॅपटॉपवरच भागवत असतो. आणि ह्याच्या पुढचं मॉडेल घेतलं की मनातला आवाज सापडेल, अशी प्रत्येकाला मनातून खात्री असते. माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांना भांडायला सोपं जाईल :-) मशीन कुठलंही घ्या, आवाज विकत मिळत नाही, तो लावावा लागतो. आणि "लावणं" म्हणजे काय ते बघायला आपल्या सातारा-सांगलीकडच्या माणसाने इंग्लंड-अमेरिकेच्या चित्रफिती बघत बसायची गरज नाही. पुणे-मिरज लाइनवरची गाडी पकडावी आणि शेवटच्या स्टेशनला उतरावं.

जे काका-मावशी हे वाचतात आणि ज्यांना गिटार म्हणजे नुसता गोंगाट वाटतो, त्यांच्यासाठी आधी थोडी ओळख करून देतो. इलेक्ट्रिक गिटारला स्वतःचा असा आवाज जवळजवळ नसतोच. तारांखाली लोहचुंबक असतो, त्याभोवती तांब्याची केसासारखी बारीक तार गुंडाळलेली असते. वरची तार थरथरली की त्या गुंडाळीत क्षीण वीज तयार होते आणि ती अँप्लिफायरकडे जाते. जुन्या अँपमध्ये काचेचे व्हॉल्व्ह असत, आपल्या जुन्या रेडिओत असायचे तसलेच. रेडिओ फार मोठा केला की आवाज फाटायचा आणि आजोबा ओरडायचे. गिटारवाल्यांनी नेमकं उलटं केलं. त्यांना तो फाटलेला आवाजच आवडला. १९५० आणि ६० च्या दशकांत अमेरिकेत फेंडर, इंग्लंडमध्ये व्हॉक्स आणि मार्शल असे अँप आले आणि कुठला अँप कसा फाटतो यावरून वादकांची ओळख ठरायला लागली. गंमत म्हणजे मार्शलचा पहिला अँप हा फेंडरच्या बॅसमन नावाच्या अँपवरून बेतलेला होता. सर्किट तेच, पण व्हॉल्व्ह वेगळे, स्पीकर वेगळे, आणि आवाज पार निराळा.

अँप मॉडेलर म्हणजे हे सगळं गणिताने करणारा डबा. व्हॉल्व्ह कसा फाटतो, बारा इंची स्पीकर काय गाळतो, समोरचा माईक काय पकडतो, याचा हिशोब आतली चिप करते. १९९८ साली लाइन सिक्स कंपनीचा पॉड आला, लाल रंगाचा, राजम्याच्या दाण्याच्या आकाराचा. २००६ मध्ये फ्रॅक्टलचा अ‍ॅक्स-एफएक्स आला. २०११ मध्ये केम्पर आला, तो खऱ्या अँपमध्ये चाचणीचे आवाज सोडून त्याची नक्कल उतरवून घेतो. आता न्यूरल नेटवर्क वापरून हेच काम करणारी फुकट सॉफ्टवेअरही मिळतात. नक्कल इतकी जमलीय की रेकॉर्डिंग ऐकून खरा अँप कुठला आणि डबा कुठला हे सांगताना भलेभले चुकतात. म्हणजे "डिजिटल म्हणजे खोटं" हे म्हणायचे दिवस गेले. मी त्या गटातला नाहीच. चार स्पीकरची पेटी पस्तीस-चाळीस किलोची असते, ती तिसऱ्या मजल्यावर चढवून, शेजाऱ्यांना न दुखावता, व्हॉल्व्ह फाटेपर्यंत मोठी करून दाखवा, मग आपण बोलू!

तर डबा चांगला आहे. मग अडतं कुठे?

अडतं ते "प्रीसेट"पाशी. डबा चालू केला की शंभर-दोनशे तयार आवाज त्यात भरलेले असतात. एकेकाला झकास नावं असतात. एक बटण दाबलं की रॉक, दुसरं दाबलं की ब्लूज, तिसरं दाबलं की थेट अंतराळ. कंटाळा आला की इंटरनेटवर आणखी हजारो, काही फुकट, काही पैसे देऊन. पहिला महिना स्वर्गात गेल्यासारखा जातो. दुसऱ्या महिन्यात माणूस वाजवायचं सोडून नुसती बटणं दाबायला लागतो.

साताऱ्याचा माझा भाचा सध्या सांगलीला इंजिनिअरिंग शिकतो. त्याच्याकडे मधल्या किमतीचा असाच एक डबा आहे. हॉस्टेलच्या खोलीत रात्री हेडफोन लावून त्याने जो आवाज शोधला होता तो त्याने मला फोनवर पाठवला. खरंच सुंदर होता, जाड, चकचकीत, सिनेमात असतो तसा. मग कॉलेजच्या गॅदरिंगला त्याचा बँड वाजला आणि गिटार ऐकूच आली नाही. ड्रम होते, बास होता, गाणारी मुलगी होती, आणि भाचा स्टेजवर हात हलवत होता. पुढच्या कार्यक्रमाला गिटारऐवजी कीबोर्डवाला घ्यावा अशी चर्चा मित्रांत सुरू झाली. तो मला म्हणाला, "मामा, हे विकून टाकतो आणि मोठं मशीन घेतो. आई मुदत ठेव मोडायला तयार आहे." ताई तयार असणारच, ती आई आहे. पण हे वाचत असशील तर ताई, ठेव मोडली नाही ते बरंच झालं, का ते सांगतो.

गिटार गायब होण्यामागे कसलंही गूढ नव्हतं. तीन साधी कारणं होती, आणि ती प्रत्येक हॉस्टेलमधल्या प्रत्येक मुलाला लागू आहेत म्हणून सविस्तर लिहितोय.

पहिलं कारण आपला कान. हळू आवाजात आपल्या कानाला खर्जातलं आणि अगदी वरचं कमी ऐकू येतं, मधलं जास्त. आवाज वाढवला की खालचं-वरचंही भरून ऐकू यायला लागतं. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ मध्ये हे मोजून आलेखात मांडलं. आता बघा, पोरगा रात्री हळू आवाजात बसतो. त्याला खर्ज कमी वाटतो म्हणून तो वाढवतो, चमक कमी वाटते म्हणून तीही वाढवतो, मधलं टोचतं म्हणून कमी करतो. हाच आवाज स्टेजवर दसपट मोठा झाला की खर्ज घुमतो, चमक कानात सुईसारखी जाते आणि मधे पोकळी.

दुसरं कारण, बाकीची मंडळी. गिटारची सगळ्यात जाड तार ८२ हर्ट्झला वाजते, सगळ्यात बारीक तार बाराव्या पडद्यावर ६५९ ला. तिचे वरचे अंश धरले तरी बारा इंची गिटार स्पीकर साधारण पाच हजारांच्या वर झपाट्याने उतरतो. म्हणजे गिटारचं घर मधल्या पट्ट्यात आहे, माणसाच्या गळ्याच्या शेजारी. खाली बास आणि मोठा ड्रम राहतात, वर झांजा. तुम्ही आपलं घर रिकामं करून खाली-वर अतिक्रमण केलंत तर तिथले मूळ रहिवासी तुम्हाला गाडून टाकणारच. एकटी वाजवताना जी गिटार देखणी वाटते ती जमावात हरवते. जमावात जी नीट ऐकू येते ती एकटी वाजवताना थोडी नाकातली, ओबडधोबड वाटते. हे पटायला जड जातं, पण आहे तसं.

तिसरं कारण गेन, म्हणजे फाटणं किती. जास्त फाटलं की जास्त दणका बसेल असं वाटतं, पण होतं उलटं. फाटणं म्हणजे लाटेचे शेंडे छाटणं. शेंडे छाटले की हळू छेडलेलं आणि जोरात छेडलेलं सारखंच ऐकू येतं, छेडण्याचा ठोका बोथट होतो आणि सगळं गुळगुळीत, गिचमिड होऊन जातं. शिवाय तो प्रीसेट बनवणाऱ्याच्या हातातली गिटार वेगळी होती. जाड दुहेरी पिकअपची गिटार बारीक एकेरी पिकअपपेक्षा सहसा जोरात वीज सोडते. त्याच्या गिटारला तो आकडा बरोबर असेल, तुमच्या गिटारला तो असेलच कशावरून?

आता मोठं मशीन घेतलं असतं तर यातलं कुठलं कारण दूर झालं असतं? एकही नाही. दीड लाखात तोच पोकळ आवाज जरा जास्त स्पष्ट ऐकू आला असता, एवढंच.

इथे मिरज येते.

ताईचा तंबोरा बरेच दिवस नीट बोलत नव्हता. बोलत नव्हता म्हणजे तारा सुरात लागत होत्या, पण ती जी गुंजन करणारी झिळमिळ असते ती गेली होती. तिची जवारी करून आणायची होती, म्हणून भाच्याला घेऊन मिरजेला गेलो. मिरजेची ही कला साधारण पावणेदोनशे वर्षांपूर्वीची. पटवर्धनांच्या संस्थानात शिकलगार होते, म्हणजे शस्त्रं घडवणारे, धार लावणारे. लढाया संपल्या, तलवारींना गिऱ्हाईक राहिलं नाही आणि फरीदसाहेबांसारखे कारागीर वाद्यांकडे वळले. मंगळवेढ्याकडचा भोपळा, तासून गुळगुळीत केलेली दांडी, वर तबली, आणि तबलीवर घोडी. त्या घराण्यांचं आडनावच पुढे सतारमेकर झालं. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब इथेच राहिले, १९३७ मध्ये गेल्यावर त्यांना मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन केलं. त्या दर्ग्याच्या उरुसातली संगीतसभा सांगली-मिरजेकडच्या लोकांना सांगायला नकोच.

कारागिराने तंबोरा हातात घेतला आणि पहिला प्रश्न विचारला, "गाणार कोण? पट्टी कुठली?"

मी भाच्याकडे बघितलं. त्याच्या दोनशे प्रीसेटपैकी एकानेही त्याला कधी हा प्रश्न विचारला नव्हता.

ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. तंबोऱ्याची घोडी गिटारच्या घोडीसारखी टोकदार नसते. ती रुंद असते आणि तिचा वरचा भाग किंचित, डोळ्याला दिसणारही नाही इतका, उतरता असतो. तार छेडली की ती थरथरताना त्या उतारावर टेकते, सुटते, पुन्हा टेकते. त्यामुळे मूळ स्वराबरोबर वरचे स्वरांश सतत नव्याने जन्माला येतात आणि तो प्रकाशासारखा पसरणारा नाद तयार होतो. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये यावर निबंध लिहिला. तार ज्या बिंदूवर छेडाल तिथे ज्या स्वरांशांचा स्थिर बिंदू असतो ते स्वरांश पाश्चात्त्य नियमाप्रमाणे उमटायला नकोत. तंबोऱ्यात आणि वीणेत ते उमटतात, आणि याचं कारण ही घोडी, असं त्यांनी दाखवून दिलं. तारेखाली जो सुताचा दोरा सरकवतात तो तार नेमकी कुठे टेकणार ते ठरवतो. केसभर इकडे-तिकडे, आणि आवाज बंद तरी होतो नाहीतर फुलतो तरी.

कारागिराचं काम बघायला भाचा आधी कंटाळून बसला होता. तारा सैल करायच्या, बाजूला सारायच्या, कानस घोडीवर दोन वेळा हलकेच फिरवायची, तारा परत चढवायच्या, सुरात लावायच्या आणि ऐकायचं. पुन्हा सैल, पुन्हा दोन वेळा कानस, पुन्हा ऐकायचं. दोन तासांत कानस हातात किती वेळ होती? सगळी मिळून पाच-सात मिनिटं. बाकीचा वेळ तो माणूस ऐकत होता. तासाभराने भाचा पुढे सरकून बसला आणि म्हणाला, "मामा, आत्ता बदललं." मलाही ऐकू आलं होतं, पण त्याला माझ्या आधी ऐकू आलं.

माझ्या मते सगळी गोम इथे आहे. घोडीवरून घासलेला कण परत चिकटवता येत नाही. म्हणून कारागीर हात लावायच्या आधी ऐकतो, हात लावल्यावर ऐकतो, आणि पुढे काय करायचं ते ऐकण्यावरून ठरवतो. चूक महाग आहे म्हणून कान तयार होतो. डब्यात चूक फुकट आहे. काहीही फिरवा, नाही आवडलं तर मागे या, नाहीतर पुढच्या प्रीसेटवर जा. ही सोय आहे हे मान्य, पण तिच्यामुळे ऐकायची सक्तीच उरत नाही. आणि सक्ती नसली की आपण ऐकत नाही, हा मनुष्यस्वभाव आहे. डब्याने आपल्याला हजार आवाज दिले आणि एक आवाज पुरता ऐकायची सवय काढून घेतली.

कुणी म्हणेल, कुठे तंबोरा आणि कुठे फाटक्या आवाजाची गिटार! बादरायण संबंध जोडतोय म्हणाल. पण मूळ कारभार एकच आहे. तंबोरेवाला घोडीच्या उताराने तारेतून नवे स्वरांश काढतो, गिटारवाला शेंडे छाटून काढतो. नुसत्या तारेत नसलेलं (किंवा अगदी अस्पष्ट असलेलं) वर आणायचं आणि किती आणायचं ते कानाने ठरवायचं. खुली जवारी आणि बंद जवारी हा सतारियांचा जुना वाद आहे. रविशंकरांची जवारी खुली, विलायत खाँसाहेबांची बंद. गिटारवाले ज्याला उजळ आणि गडद टोन म्हणतात, त्याचाच हा भाऊबंद.

एक उदाहरण देतो, भाच्याला हेच फार आवडलं. तंबोऱ्याचा खर्ज नीट लागला, जवारी नीट असली की त्यातून न छेडलेला गंधार ऐकू येतो. आपल्याकडे त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. खर्जाच्या तारेचा तो पाचवा स्वरांश. आता गिटारची पाचवी तार घ्या, ११० हर्ट्झ. तिचा पाचवा स्वरांश ५५० ला. तिच्याबरोबर पडद्यावरचा गंधार वाजवला तर तो १३८.६ ला असतो, कारण गिटारचे पडदे बारा सारख्या भागांत बसवलेले असतात. त्याचा चौथा स्वरांश येतो ५५४.४ ला. ५५० आणि ५५४.४ एकमेकांना घासतात, सेकंदाला चारहून जास्त वेळा थरथर होते. स्वच्छ आवाजात ही थरथर जाणवत नाही, गोडच वाटते. गेन वाढवला की वरचे स्वरांश मोठे होतात, आणि ती थरथर गुरगुरायला लागते. म्हणून रॉकवाले खूप फाटलेल्या आवाजात गंधार गाळतात आणि नुसते षड्ज-पंचम वाजवतात. ११० आणि १६५ मिळून फाटले की दोघांच्या फरकाचा, ५५ चा, आणखी खालचा षड्ज आपोआप उमटतो, आणि दोन बोटांत भिंत हलते. हे कळल्यावर "माझी कॉर्ड गिचमिड का वाजते" या प्रश्नाचं उत्तर नव्या मशीनमध्ये शोधायची गरज राहत नाही. गेन कमी करा, नाहीतर गंधार सोडा.

आपल्याकडे हा झगडा नवा नाहीच. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक काढलं. पेटीचे ठरावीक स्वर आणि गळ्यातले स्वर यांत फरक किती ते त्यांनी मोजायचा प्रयत्न केला, त्यासाठी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याची मदत घेतली. क्लेमेंट्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याबरोबर श्रुतींची पेटी तयार करवली. त्यांचे निष्कर्ष सगळ्यांनी मानले नाहीत, वाद झाले. पण शंभर वर्षांपूर्वी आपल्या सांगलीत माणसं बसून "यंत्राने दिलेला स्वर जसाच्या तसा का घ्यायचा?" हा प्रश्न विचारत होती, हे मला फार मोलाचं वाटतं.

आता दुसरी बाजूही लिहितो, नाहीतर एकतर्फी होईल. इलेक्ट्रॉनिक तानपुरा आला तेव्हाही हाच कालवा झाला होता. बंगळुरूच्या राज नारायण यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस तो बनवला आणि पुढे घराघरांत पोचला. त्याने संगीताचं नुकसान केलं असं मी म्हणणार नाही. एकट्या राहणाऱ्या, नोकरी करणाऱ्या, दीड खोलीत संसार करणाऱ्या हजारो लोकांचा रियाज त्याच्यामुळे चालू राहिला. आमच्या ताईचाही राहिला. आता तो फोनमध्ये आला, आणखी सोपा झाला. पण त्याची किंमत कुणी मोजली? बटण दाबून सूर मिळतो म्हटल्यावर तंबोरा लावायला शिकायचं कारणच उरत नाही. लावता येत नाही म्हणून बिघडला तर कळत नाही. कळत नाही म्हणून कुणी जवारीला नेत नाही. मिरजेतल्या कारागिराचं काम लोक वाद्यं विकत घ्यायचे थांबले म्हणून संपेल असं मला वाटत नाही. जवारी गेलीय हे ऐकू येणारे कान कमी झाले तर मात्र ते संपेल. मानांकनाचा कागद चांगलाच आहे, पण कागदाला ऐकू येत नाही.

तेव्हा माझं म्हणणं "डबा फेका" असं मुळीच नाही. डबा ठेवा, पण त्याला कारागिराच्या शिस्तीने वागवा. भाच्याला मी जे करायला लावलं ते असं.

पहिले पंधरा दिवस सगळे प्रीसेट बंद. एकच अँप, एकच कॅबिनेट, इको-बिको काही नाही. सगळी बटणं मधोमध. आणि गिटारवरचं आवाजाचं बटण नीट वापरायला शिकायचं, कारण निम्मा टोन तिथे आणि निम्मा उजव्या हातात असतो.

आवाज ठरवताना हेडफोन नाही. जेवढ्या मोठ्याने वाजवायचं आहे निदान त्याच्या जवळपास, खऱ्या स्पीकरवर. हॉस्टेलमध्ये जमत नसेल तर बँडच्या सरावाच्या वेळी अर्धा तास आधी जायचं.

आधी काढायचं, मग घालायचं. खालून ८०-१०० हर्ट्झच्या खालचं कापायचं, वरून पाच-सहा हजारांच्या वरचं. एकट्याने ऐकताना आवाज बारका झाल्यासारखा वाटेल. वाटू दे. मधला पट्टा कमी करायचा नाही. गेन जिथे आवडतो त्याच्या थोडा खाली ठेवायचा.

एका वेळी एकच बटण. फिरवायच्या आधी मोठ्याने म्हणायचं, "मला काय बदललेलं ऐकायचंय?" उत्तर नसेल तर बटणाला हात लावायचा नाही. ही अट त्याला सगळ्यात जाचक वाटली, आणि उपयोगी हीच पडली.

आणि शेवटी कारागिराचा प्रश्न: गाणार कोण, पट्टी कुठली? त्यांच्या बँडमधली मुलगी जिथे गाते तिथेच गिटार तिच्या अंगावर जात होती. तो पट्टा त्याने तिच्यासाठी थोडा मोकळा केला, आपला जरा वर सरकवला. हे कुठल्याही प्रीसेटमध्ये मिळणार नाही, कारण ती मुलगी प्रीसेट बनवणाऱ्याच्या बँडमध्ये नव्हती.

परिणाम? चमत्कार वगैरे काही नाही. त्याच्याकडे आता दोनशेऐवजी तीन आवाज आहेत. एक स्वच्छ, एक किंचित फाटका, एक पुरता फाटका. पुढच्या कार्यक्रमात गिटार ऐकू आली. कीबोर्डवाला मुलगाही बँडमध्ये आला, पण गिटारऐवजी नाही, गिटारबरोबर. ताईची ठेव शाबूत आहे. आणि हॉल बदलला की त्याला ते तिन्ही आवाज पुन्हा थोडे लावावे लागतात, याची त्याला आता चीड येत नाही. तारा घोडीत रुततात, खाच पडते, जवारी पुन्हा करावी लागते. आवाज एकदा लावला आणि संपलं, असं कुठल्याच वाद्यात नसतं.

पुढच्या दहा वर्षांत ही मशीनं आणखी हुशार होतील. "मला अमक्यासारखा आवाज हवा" असं नुसतं म्हटलं की आवाज हजर होईल, आत्ताच बऱ्यापैकी होतोय. त्या दिवशी बटण फिरवायचं कौशल्य निरुपयोगी ठरेल, आणि त्याचं मला दुःखही नाही. पण समोर आलेला आवाज बरोबर आहे की नाही, या गाण्याला, या गळ्याला, या हॉलला शोभतो की नाही, हे सांगायला कुणीतरी लागेलच. ते काम मशीनवर सोपवलं तर मग वाजवायचं तरी कशाला?

तुमच्या मुलाने, पुतणीने, भाच्याने नवीन डबा मागितला तर नाही म्हणू नका, ऐपत असेल तर जरूर घेऊन द्या. फक्त त्याआधी एकदा त्याला मिरजेला न्या. जाता-येता भाड्याचे जेवढे जातील तेवढेच, आणि घोडीवर कानस फिरताना बघायला पैसे पडत नाहीत.